दोन काड्या आणि एक शेंगदाणा

सोलापूरचा माणूस कशावरूनही हरेल, पण शेंगदाण्यावरून हरणार नाही, अशी माझी २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत समजूत होती. ती ग्वांगझूमधल्या एका खानावळीत मोडली. गोल टेबल, मधोमध काचेचं फिरतं तबक, तबकावर तळलेल्या खाऱ्या शेंगदाण्यांची बशी आणि माझ्या हातात दोन काड्या. आमच्याकडं शेंगदाणा घरचा माणूस. त्याची चटणी, त्याची पोळी, त्याचं कूट. आणि नुसता खायचा तर मूठ भरायची नि तोंडात टाकायची. इथं एकेक दाणा काड्यांत धरायचा होता. मी धरला की तो निसटायचा. तो शोधेपर्यंत कुणीतरी तबक फिरवायचं आणि बशी समोरच्या म्हातारबांपुढं जायची. म्हातारबा न बघता, शेजाऱ्याशी गप्पा मारत, चिमणीसारखे दाणे टिपत होते.

दहा मिनिटांत माझ्या पोटात तीन दाणे गेले. दाजींनी सरळ पंजा घातला.

"हान बे," ते म्हणाले, "कोण बघायलंय हितं?"

सगळेच बघायले होते.

दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत आणि मी तिथं हिशेब लिहितो. ग्वांगझूला १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, त्याला कँटन फेअर म्हणतात. कापडाची पाळी तिसऱ्या टप्प्यात येते. टॉवेलात चीन आपल्या पुढं का गेला, हे एकदा डोळ्यांनी बघायचं, असं दाजींच्या मनानं घेतलं. मला सोबत नेलं कारण माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं. तिकडं गेल्यावर कळलं, की चीनमध्ये इंग्रजीचा उपयोग कानडीइतकाच. उलट कानडीत निदान आवाज चढवता येतो.

भाषेची धास्ती आम्हाला तशी नव्हती. सोलापुरात एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत तेलुगू, पलीकडं कानडी आणि रिक्षात हिंदी. चार भाषांत भांडायची सवय असलेल्याला पाचवी काय जड? पण चिनी भाषेत एकच शब्द चार सुरांत म्हटला की चार अर्थ होतात, आणि आमचा सूर जन्मापासून एकच, वरचा. तरी एक गोष्ट जमली. सोलापुरात आम्ही 'चहा' म्हणत नाही, 'चा' म्हणतो. यावरून पुण्याच्या पाहुण्यांनी आमची आयुष्यभर टर उडवली. बीजिंगच्या प्रमाण भाषेत चहाला 'चा'च म्हणतात! दाजींना हे समजलं तेव्हा त्यांचा चेहरा कोर्टात पिढीजात वाटणीचा दावा जिंकल्यासारखा झाला. पुढचे दहा दिवस गरज असो-नसो, ते दिसेल त्याला "चा" म्हणायचे आणि मिळेल तो कडू, बिनदुधाचा, बिनसाखरेचा काढा विजयोत्सव म्हणून प्यायचे.

प्यायचं म्हणजे गरमच. हा त्या देशाचा कायदा असावा. नोव्हेंबर तोंडावर आला तरी ग्वांगझूत घामाच्या धारा. पाणी मागितलं की वाफाळता पेला. हॉटेलच्या खोलीत किटली, शाळकरी पोराच्या गळ्यात थर्मास, आगगाडीच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ. आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि इथं धावत्या गाडीत, तेही उकळलेलं! दाजी त्या नळाकडं बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी बाटली भरली, पिशवीतली दुसरी भरली, आणि तिसरी काढली तेव्हा मी त्यांना जागेवर आणून बसवलं. नळाला पाणी दिसलं की भरून ठेवायचं, ही सवय दोन देशांच्या सीमा ओलांडूनही गेली नव्हती.

खाण्याचं विचारू नका. आम्ही पिढीजात शाकाहारी. त्यांच्याकडं शाकाहाराची अडचण अशी, की 'मांस नको' म्हटलं तर त्या शब्दाचा पहिला अर्थ डुकराचं मांस. ते वगळून कोंबडी घालून देतात, आणि वर आपण किती सांभाळून घेतलं याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसतं. वांग्याची भाजी मागवली, वर खिमा पेरलेला. आम्ही शेंगा पेरतो तिथं ते खिमा पेरतात, एवढाच फरक. शेवटी कुणीतरी बौद्ध शाकाहारी खानावळ दाखवली. तिथं सगळं सोयाबीनचं, पण आकार बदकाचा! चोच सोडून सगळं बदक. हे नुसतं सोयाबीन आहे, हे मी दाजींना तीनदा सांगितलं.

"सोयाबीन हाय तर सोयाबीनवानी दिसू दे की," दाजी म्हणाले आणि ताट सारलं.

त्या रात्री अक्कानं बांधून दिलेला डबा उघडला. दोन किलो शेंगाचटणी आणि कडक भाकरी. कडक भाकरी महिनाभर टिकते हे खरं, पण मोडताना होणारा आवाज हॉटेलच्या पातळ भिंतींसाठी नसतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये आमच्याकडं जरा काळजीनं पाहिलं. त्या लिफ्टला चौथा मजला नव्हता. चारचा उच्चार आणि मृत्यूचा उच्चार जवळजवळ एकच, म्हणून तिनानंतर थेट पाच. दाजींना हे एकदम पटलं. अमावस्येला नवा माग चालू न करणारा माणूस आणि चौथा मजला गाळणारा देश यांच्यात तह व्हायला वेळ लागत नाही.

प्रदर्शनातली दालनं किती मोठी, ते दाजींच्या नव्या बुटांना विचारा. एका दालनात नुसते टॉवेल. दाजी चिमटीत कापड धरून त्याचा जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते सांगतात, चूक झाली तर पाच-दहाची. ते एकेका दुकानाशी थांबत, टॉवेल चोळत, पाठ उलटून फंदे बघत, आणि मग हातातल्या कपातला चहा दोन थेंब नमुन्यावर टाकत, पाणी किती पितंय ते बघायला. विक्रेती पोरगी किंचाळायची बाकी राहिली. पण थेंब जिरला कसा हे तीही वाकून बघू लागली, आणि दोघांची ओळख झाली. धंद्याच्या माणसाला धंद्याचं माणूस कळतं.

भाव विचारला. तिनं अंगठा आणि पहिलं बोट ताणून पिस्तूल दाखवलं. दाजी दोन पावलं मागं सरकले. चिनी लोक एका हाताच्या बोटांवर दहापर्यंत मोजतात. पिस्तूल म्हणजे आठ, अंगठा-करंगळी म्हणजे सहा. उलगडा झाल्यावर दाजी खुलले. आमच्या गड्ड्याच्या जत्रेत जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. आठ आणे कमी-जास्त झाले तरी शेजारच्याला कळत नाही. दाजींनी सवयीनं नमुन्याचा नॅपकिन उचलला आणि तिच्या हातावर टाकायला निघाले. मी वेळीच आडवा गेलो, नाहीतर भारत-चीन संबंधांत आणखी एक प्रकरण वाढलं असतं.

पैशांची वेगळीच गंमत. आम्ही नोटा बदलून नेलेल्या, आणि ग्वांगझूत नोट बघितली की लोक म्युझियममधल्या वस्तूसारखी बघत. संत्री विकणाऱ्या म्हातारीच्या गळ्यात दोरीनं अडकवलेला चौकोनी ठिपक्यांचा कागद. फोन दाखवा, पैसे गेले. आमच्या फोनला ते जमेना, तिच्याकडं सुटे नाहीत. शेवटी शंभराच्या नोटेची तिनं संत्रीच दिली. तीन दिवस आम्ही संत्री खात होतो. आता सात रस्त्यावरचा भजीवालाही तसलाच कागद लावून बसतो. पण तेव्हा गावी येऊन सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नव्हता. गूगल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही हेही सांगितलं. अक्का म्हणाली, "म्हणून तिकडं कामं होत असतील."

बाकी, खाकरून थुंकणं, रांगेत कोपर घालणं, 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाटीखाली उभं राहून सिगारेट ओढणं, याबाबतीत आम्हाला परदेशात आल्यासारखं एकदाही वाटलं नाही.

प्रदर्शन संपल्यावर दाजींनी उत्तरेला जायचं काढलं. हबेई प्रांतात गाओयांग नावाचा तालुका टॉवेलांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले माग बघायचे होते. मुक्काम शिजियाझुआंगला. हे नाव दाजींच्या जिभेवर कधी बसलंच नाही. ते शेवटपर्यंत त्या शहराला 'शिजलं का' म्हणत राहिले. ग्वांगझूपासून 'शिजलं का' दोन हजार किलोमीटर, आणि गाडीला सात-आठ तास. रात्री सोलापूर सोडलेली सिद्धेश्वर एक्सप्रेस तेवढ्याच वेळात साडेचारशे किलोमीटर कापून मुंबईला पोचते आणि आपण तिचं कौतुक करतो. दाजींनी गरम पाण्याचा पेला काठोकाठ भरून खिडकीशी ठेवला. थेंब सांडला नाही. "पण गाडीला कुर्डुवाडी नाही," ते म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं मला तंतोतंत कळलं.

उत्तरेत थंडी. तिकडं इमारती तापवणारी नळातली ऊब सरकारी तारखेला, साधारण १५ नोव्हेंबरला सुरू होते; थंडी आधी आली तर तिनं थांबायचं. आम्ही पहिल्याच आठवड्यात पोचलेलो. दाजींनी चिनी व्यापाऱ्याला भेट द्यायला सोलापुरी चादर आणली होती. ती आम्ही दोघांनी पांघरली. सकाळी घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवली आणि दुपारी व्यापाऱ्याला दिली. तो माणूस चादरीचा जेकार्ड बघून फार खूश झाला.

त्याच संध्याकाळी बागेत गेलो. एकीकडं पन्नाशी-साठीच्या बायका मोठ्यानं गाणी लावून रांगेत नाचत होत्या; दुसरीकडं एक आजोबा हातभर लांबीचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. काढायची, वाळायची, पुन्हा काढायची. माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या अंगावर काटा आला. आजोबांनी खुणेनं विचारलं, कुठले? मी म्हटलं, "यिन्दू." त्यांनी कुंचला बुडवला, फरशीवर तीन मोठी अक्षरं काढली आणि आमच्याकडं बघितलं. आम्ही मठ्ठ. मग नाचणाऱ्यांतली एक बाई फोन घेऊन आली. तिनं फोटो दाखवला. गणवेशातला हसरा, देखणा तरुण.

"आरं, हे तर आपले कोटणीस की बे!" दाजी ओरडले.

मी ओळखलं नव्हतं. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा सिनेमा मी तीनदा बघितलेला; माझ्या डोक्यात डॉक्टर कोटणीस म्हणजे शांतारामबापूच. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले हे. चौघं परतले. हे राहिले, भाषा शिकले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, को चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, ह्याच हबेईत गेले. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाला शेवटी 'ह्वा' जोडलं होतं, म्हणजे चीन. फरशीवरची तीन अक्षरं ती: ख, ती, ह्वा. मुलाचं नाव यिनह्वा ठेवलं गेलं, म्हणजे भारत-चीन. डॉक्टरांनी भाषा आत्मसात केली. मी शिकलो 'महाग आहे', 'मांस नको' आणि 'चा'.

आजोबांनी फोनमधून विचारलं, तुम्ही त्यांच्याच गावचे? दाजींनी छाती फुगवून मान हलवली. मग पुढचा प्रश्न आला: त्यांचं घर कसं आहे?

आता काय सांगू? भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे. त्या चौकातून मी वर्षानुवर्षं रोज जातो. आत कधी गेलो नव्हतो. दाजींनी माझ्याकडं पाहिलं. इंग्रजी येणारा माणूस मी. आजोबा वाट बघत होते, फरशीवरचं नाव वाळत होतं. मी माझ्या आजोळच्या वाड्याचं वर्णन सुरू केलं. मोठं दार, आत चौक, माळवद. इथं थांबायला हवं होतं. पण समोरचा माणूस इतका मन लावून ऐकत होता, की मी चौकात म्हैस बांधली.

फोननं तिचं भाषांतर केलं. आजोबांचे डोळे चमकले. त्यांनी कुंचला बुडवला आणि फरशीवर झरझर एक जनावर काढलं. छान होतं, पण शिंगं आखूड. हे दाजींना सहन होईना. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी, पार पाठीपर्यंत जातात. त्यांनी हात लांब करून दाखवलं. आजोबांनी शिंगं वाढवली. "आणिक," दाजी म्हणाले. आणखी वाढवली. नाचणाऱ्या बायका गाणं बंद करून भोवती जमल्या आणि डॉक्टर कोटणीसांची म्हैस फरशीभर पसरत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्या हुतात्मा स्मारकात जाऊन डॉक्टरांच्या पुतळ्याला हात जोडले. मला त्यांच्याकडं वर मान करून बघवेना.

सोलापूरला परतल्यावर चौथ्या दिवशी भैय्या चौकात गाडी थांबवायला सांगितली आणि स्मारकात गेलो. एकेक फोटो बघितला, एकेक फलक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अर्धा तास झाला, बाहेर हॉर्न वाजू लागला. मग दाजीच आत आले.

"काय शोधायलास बे एवढं?"

"म्हैस," मी म्हटलं.

दाजींनी चष्मा लावला आणि पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात केली.