खरखरमीमांसा

बालगंधर्वांचे कोणते नाटक आजही खणखणीत वाजते, हा प्रश्न सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अजून निकालात निघालेला नाही. उसाचा दर दरवर्षी रस्ता अडवून का होईना ठरतो. हा ठरत नाही. आमच्या मते कारण एकच: लोक या विषयावर आजवर नुसते भांडले, शास्त्र कोणी मांडले नाही. भडंगाच्या बशीभोवती झालेल्या वादाला सिद्धांताची योग्यता येत नसते. सबब हा प्रपंच.

प्रथम अधिकारनिर्णय, म्हणजे या विषयावर बोलण्याचा हक्क कोणाचा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, २६ जून १८८८ रोजी जन्मले आणि त्यांचे गाव नागठाणे, इथवर एकमत आहे. पण नागठाणे दोन आहेत. एक पलूस तालुक्यात कृष्णाकाठी, दुसरे सातारा तालुक्यात पुणे-बंगळूर महामार्गावर. गंधर्वांचे ते पहिले, यात शंका नाही. तरीही साताऱ्याचे आमचे एक वकीलस्नेही एसटी महामार्गावरच्या नागठाण्यातून जाऊ लागली की खिडकीतून हात जोडतात. विचारले तर म्हणतात, "१९४९ साली हा जिल्हा निघाला तेव्हा त्याचं नाव काय होतं? दक्षिण सातारा. सांगली हे नाव १९६० चं. म्हणजे गंधर्व हयात असताना अकरा वर्षं त्यांचं नागठाणं कागदोपत्री साताऱ्यातच होतं." यावर सांगलीचे एक निवृत्त मास्तर शांतपणे सांगतात, "वकीलसाहेब, सातबारा तुमच्या नावावर असंल. पीक आमच्या रानातलं आहे."

हक्काचा दुसरा मुद्दा विद्वत्तेचा. मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईला, तेव्हा मीमांसेचा मान साताऱ्याचा, असे वकीलसाहेब म्हणतात. मास्तर उत्तरादाखल फक्त तारीख उच्चारतात: ५ नोव्हेंबर १८४३. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले त्या दिवसाला अवघा महाराष्ट्र रंगभूमी दिन म्हणतो. आम्ही दोघांनाही अधिकार देऊन टाकला. दिला नसता तरी त्यांनी घेतलाच असता.

आता पूर्वपक्ष. तो एक असावा असा शास्त्रसंकेत आहे, पण इथे गावागणिक एक निघतो. मिरजकर 'शाकुंतल'च्या पुढे सरकायला तयार नाहीत. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायणराव शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. त्यानंतर रंगभूमीवर जे काही झाले ते त्यांच्या लेखी उपसंहार. (मिरजकरांशी बोलणे कुठूनही सुरू करा, दहा मिनिटांत ते तंबोऱ्याच्या भोपळ्यावर येते आणि तिथून अब्दुल करीम खाँसाहेबांवर. त्यांना वादात घेऊच नये. घेतल्यास शेवटी बोलू द्यावे.) हरिपूरकर 'संशयकल्लोळ' धरून बसतात, कारण ते लिहिणारे देवल हरिपूरचे आणि गंधर्वांना अभिनयाची तालीमही देवल मास्तरांचीच.

खुद्द सांगलीचा पक्ष खाडिलकरांचा. कृष्णाजी प्रभाकर १८७२ साली सांगलीत जन्मले. 'मानापमान' (१९११), 'विद्याहरण' (१९१३), 'स्वयंवर' (१९१६), 'द्रौपदी' (१९२०) ही चारही नाटके त्यांची. त्यामुळे सांगलीकराला कोणतेही नाटक जिंकले तरी चालते, फक्त ते गडकऱ्यांचे नसावे. 'एकच प्याला'चे (१९१९) नाव काढले की मास्तर म्हणतात, "त्यातली सिंधू टिकली का माहीत नाही. प्याला मात्र टिकला." हे विधान राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या वसुलीशी ताडून पाहण्याजोगे आहे, परंतु ते प्रस्तुत लेखाच्या कक्षेत येत नाही.

सातारकरांचा कौल 'कान्होपात्रा'ला (१९३१). वकीलसाहेबांची मांडणी अशी: माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करीत साताऱ्यातून जाते, त्या वाटेवर एखादा वारकरी 'कान्होपात्रा'तल्या चालीवर अभंग म्हणतो तेव्हा ती चाल नाटकातली आहे हे त्याच्या गावीही नसते. नाटक विसरले गेले आणि गाणे उरले, याहून टिकाऊपणाचा पुरावा कोणता? मुद्दा बिनतोड वाटतो. पण मास्तर म्हणाले, "शब्द संतांचे, गर्दी विठोबाची. मग नाटक मंडळीचं त्यात काय राहिलं?" चाल मास्तर कृष्णरावांची राहिली, हे उत्तर वकीलसाहेबांना एसटीत बसल्यावर सुचले.

कोल्हापूरकरांना कोणी बोलावलेले नसते, पण ते येतात. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्वांची भामिनी, कोल्हापूरकरांच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. त्या रात्री वरचढ कोण ठरले, हे विचारायला ते येतात. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारले, परतीचा सामना झालाच नाही आणि प्रयोगाची तबकडी निघालेली नाही. असा वाद मरत नाही. राहता राहिले दीनानाथपंथी. मंगेशकरांचे बिऱ्हाड सांगलीत होते, आशाबाई १९३३ साली इथेच जन्मल्या. त्यामुळे या पंथाला गावात मान आहे. त्यांचे म्हणणे, मुळात नाटक मंडळीच चुकीची निवडली, दीनानाथांची बलवंत मंडळी घ्यायला हवी होती. आम्ही त्यांना चहा देतो.

आता प्रमाणविचार. न्यायशास्त्राने प्रमाणे चार सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पैकी प्रत्यक्ष प्रमाण निकालात निघते. 'स्वयंवर'चा पहिला प्रयोग समजत्या वयात पाहिलेला माणूस आज एकशे दहाच्या पुढे असायला हवा, आणि असा कोणी भेटला तर त्याला नाटकाबद्दल विचारू नये, आहाराबद्दल विचारावे. शब्दप्रमाण म्हणजे आजोबा. प्रत्येकाच्या आजोबांनी गंधर्वांना पुढच्या रांगेत बसून ऐकलेले आहे. सातारा, सांगली, मिरज, कराड आणि वाई इथल्या पुढच्या रांगा एकापुढे एक जोडल्या तरी इतके आजोबा बसत नाहीत. मागच्या रांगेतला आजोबा आम्हांला अद्याप आढळलेला नाही, यावरून त्या काळी नाट्यगृहाला मागची रांगच नव्हती असे मानावे लागते.

उपमान प्रमाण मास्तरांच्या पुतण्याने आणले. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भाव्यांना पाहून आणि आनंद भाट्यांचे गाणे ऐकून तो गंधर्वभक्त झाला. मास्तर म्हणाले, "ती नक्कल आहे." वकीलसाहेब म्हणाले, "सत्यप्रत आहे. साक्षांकितसुद्धा, राष्ट्रीय पुरस्कार आहे त्या गाण्याला." आम्ही सत्यप्रत दाखल करून घेतली, पण टिकाऊपणा मूळ प्रतीचा तपासायचा असतो.

उरले अनुमान, आणि अनुमानाचे साधन तबकडी. इथे जरा थांबावे लागेल, कारण सगळा खटला या काळ्या चकतीवर उभा आहे. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते आणि एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे वाजते. रंगमंचावर गंधर्व एक पद वन्समोअरवर वन्समोअर घेत खुलवत नेत. साथीला थिरकवाँ खाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी, आणि नाटक पहाटेपर्यंत. ते सगळे सव्वातीन मिनिटांत बसवायचे. म्हणजे आपण ज्याच्या टिकाऊपणावर भांडतो ते नाटक नव्हेच. नाटकाचे ते पोस्टकार्ड आहे.

शिवाय ही तबकडी लाखेची, आणि लाखेत खनिजाची बारीक भुकटी घोटलेली. ती भुकटी मुद्दाम असते: पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाचे व्हावे म्हणून. त्यामुळे नियम असा की एका बाजूला एक सुई, मग ती टाकून द्यायची. पण कुत्र्याच्या छापाची सुयांची डबी पैसे मोजून आणावी लागे आणि आमच्या भागातला माणूस घासलेली वस्तू टाकत नाही. एकेक सुई आठ-आठ बाजू चाले. बोथट सुई खाच पोखरते, खाचेच्या कडा झिजतात, काळी तबकडी त्या पट्ट्यात करडी, मग पांढुरकी पडते, आणि गंधर्वांच्या आवाजाखाली खरखर सुरू होते.

या खरखरीवरून आम्ही पुढील सिद्धांत काढला आहे. ज्या तबकडीवर खरखर जास्त, ती जास्त वाजवली गेली. जास्त वाजवली गेली म्हणजे जास्त आवडली. म्हणून जे उत्तम ते झिजते, आणि जे जसेच्या तसे टिकते ते कोणालाच नको होते. टिकाऊपणा आणि गुणवत्ता यांचे प्रमाण व्यस्त आहे. 'कोणते टिकले' हा प्रश्नच उलटा होता. 'कोणते झिजले' असे विचारायला हवे होते.

सिद्धांताची परीक्षा गावभागात मास्तरांच्या माडीवर झाली. फोनो चावीचा. मास्तर चावी देतात, पण मोजून देतात, स्प्रिंग तुटेल या भीतीने कमीच देतात. त्यामुळे 'स्वयंवर'मधले रुक्मिणीचे भीमपलासातले पद लागले की पहिली दोन मिनिटे रुक्मिणी गाते, मग स्प्रिंग ढिली पडते, आवाज खाली खाली येतो आणि शेवटच्या ओळी तिचे वडील भीमक म्हणतात. वकीलसाहेबांनी हरकत घेतली. चावी पुन्हा दिली गेली.

वादाची तीव्रता मोजण्यासाठी आम्ही सांगलीचेच परिमाण घेतले. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असते. 'कान्होपात्रा' वाजत असता वाद २० फुटांवर होता. पुतण्याने मोबाइल काढून त्याच पदाची खरखर काढून टाकलेली स्वच्छ प्रत लावली तेव्हा तो ३८ वर गेला. "ही पुराव्याशी छेडछाड आहे!" वकीलसाहेब ओरडले, आणि मास्तरांनी त्यांना अनुमोदन दिले. सातारा-सांगलीचे त्या दिवसातले हे एकमेव एकमत. इशारा पातळी 'मानापमान'च्या वेळी ओलांडली. धोक्याची कधी, हे कळले नाही, कारण तोवर मिरजकर आले होते.

निरीक्षणे अशी. 'मानापमान'ची तबकडी चांगलीच करडी. 'एकच प्याला'ची झिजलेली नव्हती, तुटलेली होती. तिच्यावर पूर्वी कोणीतरी बसले होते. तुटणे हा झिजण्याचा प्रकार नव्हे, म्हणून ती तूर्त राखून ठेवली. 'कान्होपात्रा'ची जवळजवळ कोरी. इथे वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. पण चौकशीअंती कळले की ती देवघरात असे आणि फक्त एकादशीला लागे. महिन्यातून दोनदा वाजणारी वस्तू रोज वाजणाऱ्या वस्तूशी कशी ताडणार? तिच्यासाठी गणितात एकादशी-सुधारणा घ्यावी लागली. एक तबकडी मात्र आरशासारखी निघाली, तिच्यात मास्तरांची मिशी स्वच्छ दिसली. ते नाटक पडलेले होते. नाव छापत नाही, भक्त दुखावतात.

'स्वयंवर'ची तबकडी ठिकठिकाणी पांढरी पडलेली. भिंगातून पाहता एके जागी खाचेला आडवा ओरखडा दिसला, आणि तो बरोबर एका तानेवर होता. मास्तरांनी उलगडा केला: त्यांचे वडील ती तान संपली की साउंडबॉक्स उचलून पुन्हा मागे ठेवीत. घरगुती वन्समोअर. वर्षानुवर्षे तिथेच सुई टेकून खाच फुटली, आणि आता सुई त्या जागी आली की अडकते. तेवढी तान पुन्हा पुन्हा, कोणी उठून ढकलेपर्यंत. वडील गेले, तबकडी स्वतःच वन्समोअर देते. त्या दिवशी ती ढकलायला बराच वेळ कोणी उठले नाही.

तेव्हा निर्णय. 'स्वयंवर' पहिले. यात खरखरीपलीकडचेही एक कारण आहे आणि ते आम्ही गांभीर्याने मांडतो. या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून बांधल्या. यमन, बिहाग, भीमपलास यांना जुने होणे माहीत नाही. त्यांवर खाडिलकरांनी बसवलेले शब्द इतके अवघड की अर्थ तेव्हाही कोणाच्या ध्यानात येत नव्हता. ज्याचा अर्थच कळला नाही ते शिळे कसे होणार? 'मानापमान'चे उलट आहे. गोविंदराव टेंब्यांच्या चाली ऐकताक्षणी धरतात, पण त्या ठुमरीच्या लाडिकपणाला तीन मिनिटे पुरतात; पुढे रंगमंच लागतो, तो शालू लागतो, ते चालणे लागते. म्हणून ते दुसरे. 'कान्होपात्रा' सुधारणेसह तिसरे. वकीलसाहेबांनी अपील करण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

अपिलासाठी पुरावा लागेल, म्हणून वाचकांना विनंती. तबकड्या एकावर एक आडव्या रचू नका, वजनाने वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. सुई दर बाजूला बदला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते, तेव्हा सांगलीकरांनी तळमजल्यावर तर मुळीच ठेवू नयेत; आणि माडीवर ठेवल्या तरी पत्र्याखाली नकोत, उन्हाळ्यात लाख मऊ होते. आणि कोणाकडे 'द्रौपदी'ची पांढरी पडलेली तबकडी असेल तर ती घेऊन पुढच्या बैठकीला यावे. आम्ही तपासलेल्या तबकड्यांत ती नव्हती. निकाल बदलू शकतो.