गाडीखालचे गृहस्थ

प्रत्येक सोसायटीत असे एक गृहस्थ असतात. त्यांचा देवावर विश्वास असतो, शेअर बाजारावर असतो, व्हॉट्सॲपवर आलेल्या काढ्यांवरही असतो. नसतो तो फक्त गॅरेजवाल्यावर. 'मेकॅनिक चार बोल्ट काढतो आणि तीन लावतो' हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वतः चार काढून तीन लावले की चौथ्याला ते 'स्पेअर' म्हणतात आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवतात.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत हे पद एका निवृत्त बँकवाल्यांकडे आहे. नोकरीत ते तपासणी विभागात होते. गावोगावच्या शाखांमध्ये जाऊन दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि लाल शाईने शेरे मारायचे, यात उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यांच्या स्वतःच्या कामाची तपासणी मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही. आता शाखा राहिल्या नाहीत, म्हणून जुनी बोलेरो आहे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली जाते, पाने आकारमानाने रांगेत लागतात, आणि भोक पडलेल्या बनियनमधला हा देह गाडीखाली सरकतो. दुपारी बाहेर येतो तेव्हा हात कोपरापर्यंत काळे असतात. ते धुवायला डिटर्जंट पावडर आणि साखर लागते. त्या घरात साखरेचा खप चहापेक्षा यावर जास्त आहे.

त्यांना काही कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. कळतं, आणि बरंच कळतं. मौज तिथंच आहे.

पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना खालून 'खट्' असा आवाज येऊ लागला, तेव्हा त्यांनी बाल्कनीत बसूनच निदान केलं, की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला. बोलेरोची मागची चाकं गाडी ढकलतात, आणि गिअरबॉक्समधला जोर मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेतो तो हा लांब नळीसारखा शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट आणि प्रत्येक जॉइंटमध्ये फुलीच्या आकाराचा क्रॉस. निदान शंभर टक्के बरोबर होतं. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ते जुना क्रॉस वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले, नवा व्हर्नियरने मोजला, दुकानदाराला घाम फोडला, आणि रविवारी हातोडीने कप ठोकून दोन्ही क्रॉस बसवले. 'खट्' बंद झालं. मजुरी वाचली. संध्याकाळी सगळ्या सोसायटीला कळलं.

सोमवारी गाडी साठच्या पुढे गेली आणि थरथरू लागली.

इथून पुढे गृहस्थांची खरी प्रतिभा दिसली. त्यांनी वही उघडली, समासाची रेघ मारली आणि सर्व संशयितांना एकेक करून बोलावलं. स्टिअरिंग हातात हलतंय का? नाही. म्हणजे पुढची चाकं बहुधा निर्दोष. त्याच वेगाला गिअर बदलला, इंजिनाचे फेरे बदलले, पण थरथर तशीच. सत्तरला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, इंजिन शांत झालं, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन आणि त्याची माउंटिंगं सुटली. मागची चाकं पुढे घेतली, बॅलन्सिंग करून रिमला शिसं लावून घेतलं. फरक नाही. अशी पद्धतशीर चौकशी मी कोर्टातही पाहिलेली नाही.

उरला प्रश्न थरथरीच्या जातीचा. त्यासाठी त्यांनी सासूबाईंना जेजुरीचं दर्शन घडवायचं ठरवलं. सासूबाई हरखल्या. त्यांना नेमकं मागच्या अ‍ॅक्सलवर बसवण्यात आलं आहे, हे त्यांना दिवे घाट ओलांडेपर्यंत कळलं नाही. सपाट रस्ता लागताच समोरून प्रश्न आला, "आई, आता नीट लक्ष द्या. खालून हळू हळू दणके बसतात, की बारीक झिणझिण्या येतात?"

"चक्कीवर बसल्यासारखं वाटतंय, जावईबापू. देऊळ किती लांब आहे?"

देऊळ लांब होतं, पण उत्तर मिळालं होतं. त्यांनी गाडी कडेला घेऊन हिशोब मांडला. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. बोलेरोच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर, म्हणून चाक मिनिटाला साधारण साडेचारशे फेरे घेतं, सेकंदाला सात-आठ. चाकाचा दोष असता तर दणके मोजता आले असते. शाफ्ट मात्र चाकाच्या चौपटीच्या आसपास फिरतो, सेकंदाला तीसेक वेळा, आणि जॉइंटचा दोष एका फेऱ्यात दोनदा बोलतो, म्हणजे साठ. चक्की म्हणजे शाफ्ट! सासूबाईंच्या मणक्याने यंत्राचं काम केलं होतं.

याच जागी, जेजुरीच्या अलीकडे, तर्क थांबला. शाफ्ट आहे हे सिद्ध झालं. पण शाफ्ट त्यांनी स्वतः बसवला होता. म्हणून शाफ्ट असू शकत नव्हता. पुढचे काही आठवडे ते डिफरन्शियलच्या ऑइलवर, डिझेलमधल्या भेसळीवर आणि पालखी मार्गाच्या कामावर संशय घेत हिंडले. मला वाटतं, आयुष्यभर तपासणी करणाऱ्याला हा रोग होत असावा. लाल शाई स्वतःच्या वहीवर उमटतच नाही.

अखेर सासूबाईंनी मोरगावला यायला नकार दिला, तेव्हा गाडी कात्रजच्या बाजूच्या एका मिस्त्रीकडे गेली. मीही सोबत होतो. मिस्त्रीने ना वही उघडली, ना गाडी चालवली. त्याने एवढंच विचारलं, "साहेब, हे सुरू व्हायच्या आधी कशाला हात लावला होता?"

"कशालाच नाही. फक्त क्रॉस बदलले."

मिस्त्री खाली वाकला. "आणि शाफ्टला चांदी कुणी लावली?"

"गंजू नये म्हणून रंग दिला. आधी वायर ब्रशने साफ केला."

मिस्त्रीने पेचकसाने रंग खरवडला. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा, आणि तो परत जोडताना समोरासमोर आणायच्या दोन बाणांच्या खुणा त्यावर असतात. त्या चंदेरी रंगाखाली होत्या, आणि दोन दिशांना पाहत होत्या. कोनात फिरणारा जॉइंट एका फेऱ्यात दोनदा जोर धरतो आणि दोनदा सोडतो. पुढच्या जॉइंटचा हा अवखळपणा मागचा जॉइंट निस्तरतो, पण दोघांचे क्रॉस धरणारे कान एका रेषेत असले तरच. नसले तर तोही त्यात भर घालतो. हे कळताच गृहस्थ उत्साहाने सांगू लागले, की या जॉइंटला सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्दानोचं आणि सतराव्या शतकातल्या इंग्रज रॉबर्ट हूकचं नाव जोडलेलं आहे. म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं! हूकला सासूबाईंना जेजुरीला न्यावं लागलं नव्हतं, एवढाच फरक.

मिस्त्रीने शाफ्ट उतरवून खुणा जुळवल्या. थरथर पुष्कळ कमी झाली, पण गेली नाही. त्याने शाफ्टवरून हात फिरवला आणि एका जागी तो थांबला.

"साहेब, इथं एक पत्र्याची पट्टी वेल्ड केलेली असते."

"ती होय! कुणीतरी निष्काळजीपणे चिकटवलेली होती. मी ग्राइंडरने काढून टाकली."

"ती बॅलन्सची पट्टी होती."

"मला वाटलं, वजन कमी झालं की ॲव्हरेज वाढेल."

मिस्त्री जुन्या टायरवर बसला आणि पोऱ्याला तीन चहा सांगितले. मग शाफ्ट बॅलन्सिंगच्या मशीनवर गेला, नवी पट्टी लागली, आणि गाडी शंभरला लोण्यासारखी धावू लागली. त्या दिवशीची वहीतली नोंद मी वाचली आहे. शेरा असा: 'सदर पट्टीचा उल्लेख मॅन्युअलमध्ये पुरेसा ठळक नाही.'

परवा लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं. "तुमच्या गाडीचा शाफ्ट एकदा बघून घेऊ. रविवारी मोकळा आहे मी."

"माझी पुढच्या चाकांवर चालते. तिला प्रोपेलर शाफ्ट नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव आली. चौथा मजला येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. दार उघडलं तसे म्हणाले, "सीव्ही जॉइंटचं रबर तरी फाटलं असेल ना?"