खिळा जरा सैल

व्हिनाइल साइडिंगचा खिळा घट्ट ठोकायचा नसतो, हे कळल्यापासून मी माणसांतून उठलो आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या घराला नवं साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचं पट्ट्यांचं आवरण, लावायचं ठरलं आणि मी ते बसवण्याची पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली. अशी पुस्तिका पाठ असलेला माणूस घरात ठेवू नये, असं बायकोचं मत.

तर, 12 फुटी पट्टी ऊन-थंडीत अर्ध्या इंचापर्यंत वाढते-आकसते. म्हणून खिळा लांबट खाचेच्या बरोबर मध्यावर मारायचा आणि त्याच्या डोक्याखाली डाइमच्या नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची. लावलेली पट्टी हाताने डावी-उजवी सरकली पाहिजे. घट्ट ठोकलीत, की जुलैच्या उन्हात ती पोट काढते. हे सगळं मी शिडीवरच्या इक्वेडोरच्या कारागिराला खालून, चहाचा कप हातात धरून समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं, दोन बोटांनी पट्टी सरकवून दाखवली आणि पुढचा खिळा उचलला. मला वाटलं, पोरगा पटकन शिकला!

खिडकीपाशी मात्र माझ्या संस्कारांची परीक्षा होती. साइडिंगच्या मागे पाणी जाणारच, असं धरून चालायचं. ते अडवायचं काम आत भिंतीला गुंडाळलेल्या हाउसरॅपचं. खिडकीभोवतीची चिकटपट्टी आधी खाली, मग दोन्ही बाजूंना, शेवटी वर लावायची. कौलं चढवतात तशी, वरची खालचीवर. आणि खिडकीची खालची कड सिलिकॉनने बुजवायची नाही! आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी.

आता, मी पडलो एम-सीलच्या घराण्यातला. आमच्या अण्णांनी चिपळूणच्या घरात टाकी, नळाची मान, बालदी, एकदा तर चष्म्याची दांडीही एम-सीलने बुजवली होती. रविवारी आंघोळ करून ते पाटावर बसत. दोन रंगांचे गोळे एकरंगी होईपर्यंत मळत, भोकावर दाबत आणि ओल्या बोटाने असा काही हात फिरवत, की भोक होतं कुठे ते सांगावं लागे. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही, माझ्या बहिणीने शिंकायचंही नाही. घरात गळती आणि रडणं, दोन्ही त्यांना चालत नसे. आजी गेली त्या दुपारीसुद्धा ते मोरीतली फट बुजवत बसले होते. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. गोळा एकरंगी झाला तरी त्यांचा हात मळायचा थांबत नव्हता, हे मात्र लिहिताना आत्ता आठवलं.

असो. परवा एका स्नेह्यांकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा द्रोण घेऊन मी घराला प्रदक्षिणा घातली. मागच्या खिडकीच्या खालच्या कडेला सिलिकॉनची पांढरीशुभ्र रेघ!

“कारागीर मोकळी सोडणार होता. मीच भरायला लावली,” यजमान म्हणाले. तेही माझ्यासारखे इंजिनिअरच.

चेक आपण फाडतो एवढ्या भांडवलावर, काम येणाऱ्याला काम शिकवणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. (चहाचा कप वगळून.) पाणी आत अडकून मागची फळी कुजेल, असं मी त्यांना परोपरीने सांगितलं.

“पण दिसतंय किती नीट!”

मी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि खरवडायला लागलो. जेवणासाठी मला बोलवायला कुणी आलं नाही.