पडक्या कुंपणाचा धनी

कुंपण उभं असतं तोवर त्याला दोन्ही बाजूंनी मालक असतात. आडवं झालं की एकही उरत नाही. जर्सी सिटीच्या हाइट्स भागात घरामागचं परस म्हणजे जेमतेम पंचवीस फूट रुंदीची पट्टी, त्यामुळे हे ज्ञान लवकर होतं. मार्चमधल्या वादळी वाऱ्यात आमच्या आणि शेजारच्या परसामधलं लाकडी कुंपण बरंचसं झोपलं. खांब जमिनीलगत कुजले होते. उरलेला भाग शेजाऱ्यांच्या द्राक्षवेलीनं धरून ठेवला होता. आधार वेलीला कुंपणाचा की कुंपणाला वेलीचा, हे आता सांगता येत नव्हतं.

शेजारी मूळचे इजिप्तचे, मोटारदुरुस्तीच्या गॅरेजमधून निवृत्त झालेले. आमची मुलं त्यांना ‘अम्मो’ म्हणतात, म्हणजे काकाच. त्यांचं म्हणणं, कुंपण तुमच्या घराच्या आधीच्या मालकानं घातलं, तेव्हा ते तुमचं. माझं म्हणणं, मोजणीच्या नकाशात ते काही इंच तुमच्या हद्दीत दिसतं, तेव्हा ते तुमचं. एखादी वस्तू इतक्या आग्रहानं एकमेकांना देऊ करणारी माणसं मी लग्नातल्या आहेराच्या वेळीही पाहिलेली नाहीत. गावाकडे बांध वीतभर सरकला म्हणून दोन-दोन पिढ्या बोलत नाहीत, मोजणी मागवून हद्दीचे दगड पुन्हा रोवून घेतात. इथे आम्ही इंच दान करायला निघालो होतो. कारण उघड होतं: गावाकडे इंचावर पीक येतं, इथे सुताराचं बिल.

संगमेश्वरहून आईनं फोनवर निकाल दिला, “चिऱ्याचा गडगा घाल, कटकट संपली.” चिरा इथे मिळत नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग शेराच्या फांद्या खोच. गुरं तोंड लावत नाहीत.” जर्सी सिटीत गुरं नसतात हे तिला पटलं. “मग कुंपण हवंय कशाला?” हा तिचा पुढचा प्रश्न मात्र बिनतोड होता.

मी म्हटलं, सुरक्षेसाठी. तेवढ्याच विश्वासानं मुलांनी परसात कॅमेरा लावला. अंगणात कोणी हललं की माझा फोन किणकिणे : ‘माणूस दिसला आहे.’ बहुतेक वेळा तो माणूस मीच असे, कोथिंबीर खुडायला गेलेला. खरा चोर वेगळा निघाला. ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला प्राणी, पण अंगानं चांगला मांजराएवढा. तो कुंपणाखालून बीळ काढून येतो आणि दुधीची कोवळी रोपं बुंध्यापासून संपवतो. त्याला अडवायचं तर जाळी फूटभर जमिनीत पुरून बाहेरच्या अंगाला वळवावी लागते. खारी वरून येतात आणि प्रत्येक टोमॅटोचा एकेकच घास घेतात, जणू परीक्षकच. माणसांतले चोर परसाकडे फिरकत नाहीत. ते पुढच्या पायरीवरचे खोके उचलतात, आणि तिथे कुंपण घालायची सोय नाही. कॅमेऱ्यानं टिपलेलं एकमेव संशयास्पद दृश्य भल्या पहाटेचं होतं : अम्मो हातात सपाता घेऊन पडक्या कुंपणावरून आमच्या हद्दीत शिरले आणि आमच्या वाफ्यातल्या ग्राउंडहॉगच्या मागे धावले.

बागेची राखण हाताबाहेर गेली तर काय होतं, याचा या गावाला जुना अनुभव आहे. 1655 च्या सप्टेंबरात, नदीपलीकडे मॅनहॅटनवर, हेन्ड्रिक वान डाइक नावाच्या डच गृहस्थाच्या बागेतलं पीच एका आदिवासी बाईनं तोडलं आणि त्यानं तिला गोळी घालून ठार केलं. पुढच्या लढाईला म्हणूनच ‘पीच युद्ध’ म्हणतात. इतिहासकार व्यापाराची आणि राजकारणाची आणखी कारणंही सांगतात, पण नाव फळाचंच राहिलं. त्यात हडसनच्या या काठावरची पाव्होनिया ही डच वस्ती जळाली. आजची जर्सी सिटी तिथेच वसली आहे.

पाच वर्षांनी, 1660 मध्ये, गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटनं टेकाडावर नवं गाव वसवायला परवानगी दिली : बर्गन. आठशे फुटांचा चौरस, भोवती ओंडक्यांचं कुंपण, आणि प्रत्येक घरानं हत्यार चालवू शकेल असा निदान एक माणूस गावात ठेवायचा असा दंडक. गंमत अशी की माणसं कुंपणाच्या आत आणि शेतं, बागा बाहेर! ज्या फळासाठी एवढं घडलं ते पुन्हा उघड्यावरच. 1664 मध्ये इंग्रज आले ते जहाजांतून. मॅनहॅटनवर त्यांच्याच धास्तीनं घातलेली तटबंदी, जिच्यावरून वॉल स्ट्रीटचं नाव पडलं, तशीच उभी राहिली आणि वसाहत लढाईशिवाय हातची गेली. बर्गनच्या कुंपणाच्या रेषेवर आज न्यूकर्क, ट्यूअर्स, व्रूम आणि व्हॅन रायपेन हे रस्ते आहेत. जर्नल स्क्वेअरला उतरून नूअर्क अव्हेन्यूवर पोहे आणायला जाणाऱ्या मराठी माणसापासून ते कुंपण फार तर चार-पाच गल्ल्या लांब.

यात आपलंही नाव गुंतलेलं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा कलकत्त्याच्या इंग्रजांनी 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नावच ‘मराठा डिच’. सात मैल खणायचा होता, तीनेक मैल झाला. मराठे आलेच नाहीत. 1756 मध्ये आला तो सिराजउद्दौला, आणि त्याला खंदकानं काही अडवलं नाही. कुंपण ज्याच्या भीतीनं घालावं तो सहसा येत नाही. येणारा दुसराच असतो.

आमचं कुंपण शेवटी अर्ध्या-अर्ध्या खर्चात उभं राहिलं. खणण्याआधी 811 वर फोन केला. गॅस आणि पाण्याच्या वाहिन्या कुठून जातात ते माणसं येऊन रंगानं आखून गेली. थंडीत गोठलेल्या जमिनीनं खांब वर उचलू नयेत म्हणून तीन फूट खोल गाडले. कुंपणाची सुबक बाजू शेजाऱ्याकडे ठेवावी आणि खांब-पट्ट्यांची आपल्याकडे, ही इथली रीत. खर्च दोघांचा, मग सुबक बाजू कोणाला? आम्ही फळ्या आलटूनपालटून दोन्ही अंगांनी ठोकल्या. त्यामुळे कुंपणाला पाठच नाही. वेलीसाठी एक मोकळी जागा ठेवली आहे. द्राक्षाची पानं त्यांच्या घरी भात भरून शिजतात आणि वानोळा आमच्याकडे येतो. ग्राउंडहॉग पूर्वीसारखाच येतो. आता त्याच्या मागे दोघंही धावतो.

घर घ्यायला निघाला असाल, जर्सी सिटीत असो की जळगावात, तर छप्पर, तळघर, नळ, वायरिंग तपासायला माणूस पैसे देऊन मिळतो. शेजाऱ्याची पाहणी तुमची तुम्हालाच करावी लागते. सही करण्याआधी एकदा परसात उभे राहा आणि पलीकडचा माणूस हाक मारतो का, ते बघा.