नव्या गाडीला नाक कसे मुरडावे

वेगवान गाड्यांबद्दल ठाम मत बाळगायला आधी तशी गाडी दारात हवी, हा गैरसमज काढून टाकावा. ज्याच्या दारात ती असते त्याचे सगळे लक्ष टायरच्या किमतीत आणि सोसायटीतल्या स्पीडब्रेकरवर अडकलेले असते. जर्मन कंपन्यांना खडे बोल सुनवायला चाकणच्या कारखान्यातून निघालेली एखादी जुनी पोलो पुरते. तीही नसेल तर मित्राची चालते.

मुख्य पथ्य एकच. चालू मॉडेलचे कौतुक करायचे नाही. करायचे ते मागच्या पिढीचे, आणि तेही ती बंद पडल्यावर. पोर्श ९११चा इतिहास यासाठी तोंडपाठ हवा. १९९७ साली ‘९९६’ ही पिढी आली, हवेवर थंड होणारे इंजिन पाण्यावर गेले, हेडलाइटना लोक तळलेले अंडे म्हणू लागले आणि शौकिनांनी ९११च्या नावाने अंघोळ केली. २००२ साली त्याच कंपनीने कायेन ही एसयूव्ही काढली, तेव्हा पुन्हा केली. ‘अहो, त्या कायेनच्या पैशावरच तर ९११ तगली,’ असे कोणी म्हणालेच तर चहा मागवावा. २०२४ मध्ये ९११ जीटीएसला हायब्रिडची मोटर लागली आहे. त्यामुळे ‘९९६ कशी साधी, सरळ गाडी होती!’ असा उसासा टाकायला आता हरकत नाही.

वजन हा विषय मात्र जपून काढावा, कारण तिथे आपले म्हणणे खरोखर बरोबर निघण्याचा धोका आहे. बीएमडब्ल्यूची पहिली एम५ दीड टनाच्या आत होती. २०२४ची एम५ अडीच टनांच्या आसपास भरते. ७२७ अश्वशक्ती, म्हणजे मागच्या पिढीपेक्षा शंभराहून जास्त, आणि तरी शून्य ते शंभरला कंपनीच्याच आकड्यांनुसार ३.५ सेकंद, मागची ३.४ मध्ये जायची. असे का, हे माहीत असावे, पण मान्य करू नये. युरोपात कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बनची सरासरी काढतात आणि ती चुकली की दंड बसतो. नव्या एम५सारखी प्लग लावून चार्ज होणारी हायब्रिड चाचणीला भरल्या बॅटरीने उतरते, त्यामुळे कागदावर तिचा धूर बराच कमी दिसतो. ती बॅटरी पुढे प्रत्येक वळणावर आपण वाहायची. हे सगळे ऐकून घ्यावे आणि शांतपणे म्हणावे, ‘पण दीड टनात बसवता आले नसते का?’

मर्सिडीजची सी६३ हे तर आयते कुरण. ६३ हा आकडा बूटवर आला तेव्हा बॉनेटखाली ६.२ लिटरचे व्ही८ होते. नंतरच्या पिढीत ते ४ लिटरचे झाले आणि २०२२ साली २ लिटरचे, चार सिलिंडरचे, सोबत बॅटरी. आकडा ६३चा ६३च. पेट्रोलच्या टाकीवर असा हिशेब केला असता तर ग्राहक पंचायतीत गेला असता. इथे ‘चार सिलिंडर!’ एवढेच म्हणून मान हलवावी. ६८० अश्वशक्तीचा विषय काढू नये. यानंतर लगेच टोयोटाच्या जीआर यारिसचे पोवाडे गावेत, जिला तीनच सिलिंडर आहेत. विसंगतीची चिंता नको. यारिस रॅलीसाठी घडवलेली आहे, हलकी आहे आणि मुख्य म्हणजे भारतात विकत मिळत नाही.

आवाजाच्या बाबतीत धोरण असे: बीएमडब्ल्यूने इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवला तर ती फसवणूक, आणि ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीने नसलेल्या गिअरबॉक्सचे आठ गिअर झटक्यांसकट बदलून दाखवले तर ती प्रतिभा. खरे सांगायचे तर इथे आपली बाजू बरी आहे. ह्युंदाई खोटे राजरोस बोलते, शिवाय ते बंद करायचे बटणही देते.

मॅन्युअल गिअरसाठी आयुष्यभर गळा काढावा, पुण्यातल्या कर्वे रोडवर मात्र ऑटोमॅटिक चालवावी. ही तक्रार कधीकधी लागूही पडते. २०१३च्या ९११ जीटी३मधून पोर्शने क्लचचे पेडल काढून टाकले, बोंब उठली, आणि २०१६ साली मॅन्युअलची ९११ आर आली, अवघ्या ९९१ नगांची. कंपनीने असे ऐकले की गाफील राहू नये. ‘पण किंमत बघितलीत का?’ तयार असावे.

आणि कधी कोणी खरोखरच नव्या एम५ची चावी पुढे केली, तर ‘स्टिअरिंगला काही फील नाही हो’ हे वाक्य गाडीत बसण्यापूर्वीच म्हणून घ्यावे. उतरल्यावर ते तोंडातून निघेल याची हमी नाही.