विजयाविना विजयतोरण

कमान उभारण्यासाठी आधी विजय मिळवावा लागतो, असा जो एक भोळा समज शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांनी आपल्या मनात रुजविला आहे, तो जितक्या लवकर दूर होईल तितके, ज्यांच्या नावे अद्याप एकही कमान नाही अशा असंख्य कर्तबगार पुरुषांच्या दृष्टीने, हितावह होय. विजय ही मोठी बेभरवशाची बाब. तिला सैन्य लागते, रसद लागते आणि शत्रूचेही थोडे सहकार्य लागते. कमानीस मंजुरी आणि गवंडी पुरतात.

हे मर्म प्रथम ओळखले रोमन लोकांनी. इ. स. ६२ च्या सुमारास आर्मेनियाच्या मुलुखावरून पार्थियनांशी चाललेल्या युद्धाचा निकाल लागण्यापूर्वीच रोमच्या सिनेटने नीरो बादशहाच्या गौरवार्थ कॅपिटोलिन टेकडीवर कमान मंजूर करून टाकली. पुढे सेनापती पीटस याने शत्रूपुढे हात टेकल्यावरही, इतिहासकार टॅसिटसच्या सांगण्याप्रमाणे, काम बंद पडले नाही. मंजूर रक्कम परत करण्याची चाल सरकारी खात्यांत त्या काळीही नसावी. पुढील काळातील रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याचा विजय खरा होता, पण तो मॅक्सेंशियस या रोमन प्रतिस्पर्ध्यावरच मिळविलेला. आणि ३१५ साली उभ्या राहिलेल्या त्याच्या कमानीवरील कित्येक शिल्पे ट्रेजन, हेड्रियन व मार्कस ऑरेलियस यांच्या वास्तूंवरून उतरवून आणलेली असून, त्यांतील जुन्या सम्राटांची तोंडे तासून नवी कोरण्यात आली होती. मागील कारकिर्दीत बांधलेल्या पुलावर आपल्या नावाची पाटी चढविणाऱ्यांनी या गुरूचे ऋण मान्य करावयास हवे.

नेपोलियनची गोष्ट याहून रसाळ आहे. ऑस्टर्लिट्झच्या रणांगणावर ऑस्ट्रियाच्या बादशहाचा मोड केल्यावर त्याने १८०६ साली पॅरिसच्या कमानीचा हुकूम सोडला. परंतु १८१० साली तो जी नवी राणी घेऊन शहरात प्रवेशला ती त्याच पराभूत बादशहाची कन्या, आणि काम तर पायाच्या वर फारसे सरकलेले नव्हते, म्हणून लाकडाचा सांगाडा व रंगविलेले कापड यांची पूर्णाकृती कमान उभी करून, पित्याच्या पराभवाचे स्मारक लेकीच्या स्वागतास लावण्यात आले. दगडी कमान पुरी झाली १८३६ साली. नेपोलियन तिच्याखालून गेला तो १८४० साली, शवपेटीतून.

मुंबईकरांनी मात्र हसू नये. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी अपोलो बंदरावर उतरली तेव्हा दगडी कमान नव्हती, पुठ्ठ्याची तात्पुरती उभारणी तेवढी होती. बादशहा दिल्लीस दरबार भरवून विलायतेस परतल्यावर, म्हणजे ३१ मार्च १९१३ रोजी, गव्हर्नरसाहेबांनी त्यांच्या आगमनाच्या स्मारकाची कोनशिला बसविली. पाहुणा गेल्यावर दारात रांगोळी घालावी, तशातला हा प्रकार. वास्तुविशारद विटेटसाहेबांच्या आराखड्यास १९१४ साली मंजुरी मिळाली आणि पाया भरून होईतो १९२० उजाडले. १९२१ साली बादशहाचे चिरंजीव याच बंदरावर आले तेव्हा कमान अपुरी होती आणि शहरात हरताळ व दंगल या दोनच गोष्टी तयार होत्या. अखेर ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उद्घाटन केले, तोवर सुमारे २१ लाख रुपये खर्ची पडून तिजोरीची अशी अवस्था झाली होती की, थेट कमानीसमोर येणारा रस्ता काढण्याचा बेत रहित करावा लागला, आणि म्हणून ती ८५ फुटी वास्तू आपल्याकडे येणाऱ्या रस्त्यास आजही तिरपी उभी आहे. ज्यांच्यासाठी हा खटाटोप ते बादशहा पुन्हा हिंदुस्थानात आलेच नाहीत. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीचे गोरे सैनिक तिच्याखालून वाजतगाजत गेले खरे, पण ते आत येत नव्हते.

या सर्व नामांकित मंडळींहून आमच्या आळीतील पुढारी अधिक दूरदर्शी ठरतात, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. ते दगडाच्या नादी लागत नाहीत. बांबू, मांडवाचे कापड आणि हात जोडलेल्या छबीचा फलक एवढ्या सामग्रीवर त्यांची कमान एका रात्रीत उभी राहते, आणि निमित्त म्हणून त्यांनी वाढदिवस निवडला आहे, जो कोणत्याही सेनापतीच्या शरणागतीने हुकत नाही व दरसाल बिनबोभाट जिंकता येतो. या तजविजीस आमची काडीमात्र हरकत नाही. मंडपाच्या कंत्राटदारांस एवढीच विनंती की, कमान उतरविल्यावर बांबूंसाठी भर रस्त्यात खणलेले खड्डे बुजवून जावे.