हजेरी नाही, मग शिक्षण कसलं?

जर्मनीला एम.एस.साठी गेलेल्या आपल्या मुलांचे पहिल्या महिन्यात फारच हाल होतात. तिथे बहुतेक व्याख्यानांना हजेरीच घेत नाहीत! तीन वेगवेगळ्या आवाजांत तीन रोल नंबरांना ‘येस सर’ म्हणायची जी विद्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कमावली, तिला आखेनसारख्या जर्मन शहरात कवडीची किंमत नाही.

वेळापत्रकात दहाचं असलेलं व्याख्यान अनेक ठिकाणी सव्वादहाला सुरू होतं. या पाव तासाला तिकडे ‘अकाडेमिशेस फिर्टल’ असं भारदस्त नाव आहे. आपण ही प्रथा कधीपासून पाळतोय, फक्त बारसं करायचं राहिलं. तास संपला की सगळा वर्ग बाकांवर ठकठक करतो. ही म्हणे प्राध्यापकांना दाद! आपल्याकडे बाक वाजवला की आयकार्ड जप्त आणि ‘उद्या पालकांना घेऊन ये’.

गुणांची गंगाही उलटी. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. मुलाला ‘एक’ मिळाला म्हणून सोसायटीत पेढे कोणत्या तोंडाने वाटायचे?

आणि माया तर नावालाही नाही. एका पेपरला साधारण तीन संधी. तिसऱ्यांदा बोऱ्या वाजला की अभ्यासक्रमातून बाहेर. बहुतेकदा तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. वर्षभर फिरकला नाहीस तरी कुणी विचारायचं नाही आणि एक दिवस थेट दार बंद! आपल्याकडे निदान आधी ओरडतात. पंच्याहत्तर टक्के भरले नाहीत की डिफॉल्टर यादीत नाव, एचओडींच्या केबिनबाहेर तिष्ठणं, फॅमिली डॉक्टरांकडून मागच्या तारखेची कावीळ. पण पेपरात आपटलास तर ग्रेस आहे, एटीकेटी आहे, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, पुन्हा द्यायला ज्युनिअरांच्या शेजारी बसायची सोय आहे.

इटलीत तर विद्यार्थी तोंडी परीक्षेत मिळालेले गुण चक्क नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो. एक्स्टर्नलना स्वखर्चाने इडली-चटणी खिलवलेल्या आपल्या मुलांना हा माज परवडायचा नाही.

जर्मनीत निकालानंतर दिवस ठरवून तपासलेला पेपर विद्यार्थ्याला दाखवतात, चूक काढू देतात. छायाप्रतीचे वेगळे आणि पुनर्मूल्यांकनाचे वेगळे पैसे घ्यायचं त्यांना सुचलेलंच नाही. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फीदेखील सोडून देणारे लोक ते! उत्पन्नाचा हा मार्ग समजावून सांगायला आपला एखादा परीक्षा नियंत्रक तिकडे पाठवायला हरकत नाही. फक्त विमानात बसण्याआधी मागच्या सत्राचे निकाल तेवढे लावून जा म्हणावं.